शांतव्वाचा ऑफ-सीझन

कोल्हापूर
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सोमा,

नमस्काराची ओळ मुद्दाम गाळली आहे. पावणेसात वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस, तेव्हा मी वाकलो की तू लगेच पाठीवर हात ठेवशील अशी आशा मला नाही. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंयस हे कळायला मला तीन वर्षं लागली. तोवर दर दिवाळीला मी तुला पणतीचं चित्र पाठवत होतो आणि माझी नात राजनंदिनी सांगत होती, "आजोबा, एकच टिक आलीया." मला वाटायचं, तू लेकीकडं धारवाडला गेलास, तिथं रेंज नसेल. असो. स्पीड पोस्ट काही ब्लॉक करता येत नाही.

नमनाला घडाभर तेल नको. शांतव्वा विकायची म्हणतोय.

हसू नकोस. तू त्या लेकीकडून, शांभवीकडून, दोनदा निरोप धाडलास की बोट विकून टाक, आणि मी दोन्ही वेळा उलट कळवलं की विकायला ती काय म्हैस आहे? तोच मी आज हे लिहितोय. जूनमध्ये नेहमीसारखी तिला क्रेननं पाण्याबाहेर घेतली, लाकडी घोड्यांवर बसवली, आणि शिडीवरून उतरताना तिसऱ्या पायरीवरून मी थेट रत्नागिरीच्या जमिनीवर आलो. डावं मनगट मोडलं. आता डोलकाठीवर चढवत नाही. आणि जे माझ्या हातानं तपासलं नाही ते ठीक आहे असं मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे.

जाहिरात राजनंदिनीनं इंटरनेटवर टाकली. "उत्तम राखलेली जुनी शिडाची यॉट, लांबी चौतीस फूट, खोल समुद्रातल्या दूरच्या सफरीस योग्य." पहिल्याच माणसानं फोनवर विचारलं, लांबात लांब कुठं गेलीय? मी म्हटलं, मालवण. त्यानं पुन्हा जाहिरात वाचली असावी. मग म्हणाला, "पंधरा वर्षांत?" मी फोन ठेवून दिला.

दुसरा बरा निघाला. ऋतुराज नाव, मूळचा कोडोलीचा, नोकरीला कोचीत. नवरा-बायको दोघंही शिडाच्या बोटी चालवतात. डिसेंबरात शांतव्वाला समुद्रातून कोचीला न्यायची, पुढच्या वर्षी लक्षद्वीप, मग मालदीव. मुलगा बोलत होता आणि मी "हं हं" म्हणत होतो.

कागदावर आपल्या दोघांची नावं आहेत, तुझ्या सहीशिवाय तिला विकता येत नाही. फॉर्म सोबत जोडला आहे. जिथं फुली मारलीय तिथं सही कर.

आज हत्यारं पुजली. माझे पाने, हातोडे, टॅपचा सेट. त्यांच्याशेजारी तुझी दुर्बीण आणि होकायंत्रही मांडलं, झेंडूचं फूल वाहिलं. तुझ्या वाटणीची पूजा मीच करतोय इतकी वर्षं.

आकाराम


कोल्हापूर
१२ ऑक्टोबर

सोमा,

पाकीट पोचलं असं पोस्टाच्या वेबसाइटवर दिसतं. तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही. ठीक आहे, मीच बोलतो. तसंही आपल्या दोघांत तू बोलायचास आणि मी घासायचो. आता जरा उलटं.

गेल्या रविवारी ऋतुराज बायकोला घेऊन रत्नागिरीला आला होता. इंजिनाचं झाकण उघडलं, खालच्या तळात बोट फिरवलं, वर काढून बघितलं. तेल नाही, पाणी नाही, धूळसुद्धा नाही. मला म्हणाला, "काका, ही बोट हाय का दवाखाना?" त्याची बायको म्हणाली, माझ्या घरचा ओटा एवढा स्वच्छ नसतो. मी आपला खांदे पाडून उभा, पण आतून फुगलो होतो हे तुझ्यापासून काय लपवायचं.

मग ते विचारत बसले की एवढी राखली कशी. काय सांगू त्यांना? त्यांना कारखाना माहीत नाही. मी त्यांना सांगितलं, बाबा रे, मी बिद्रीच्या साखर कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होतो, शेवटी फोरमन. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की पाच महिने नुसतं धुमशान. वाफ, आवाज, काहीतरी तुटलं की धावा. आणि हंगाम संपला की ऑफ-सीझन. मग सगळा कारखाना उघडायचा. प्रत्येक बेअरिंग बाहेर, प्रत्येक नट मोजून डब्यात. काही मोडलंय म्हणून उघडायचं नाही, ऑफ-सीझन आहे म्हणून उघडायचं. तीच पद्धत मी बोटीला लावली. बोटवाले लोक बिघडलं की दुरुस्त करतात. आपण पावसाळा आला की तिला पार मोकळी करायचो.

आठवतं का रे? दोन हजार दहा सालचा तो फोन. तू जहाजावरच्या नोकरीतून नुकता सुटून घरी आला होतास आणि गुजरीतल्या भावाच्या दुकानात बसून माशा मारत होतास. म्हणालास, "आक्या, मुंबईला एक म्हातारी बघाय जायचं हाय, चल." मला वाटलं तुझी कोणी आत्या आजारी आहे. नौदलातून निवृत्त झालेल्या त्या साहेबांची यॉट होती ती, पंचवीस वर्षांची. त्यांचे डोळे गेले होते. ते हातानं चाचपून आपल्याला एकेक भाग दाखवत होते आणि मी मनात म्हणत होतो, ह्या माणसाच्या हातची वस्तू घ्यायलाच पाहिजे. नाव बदलताना बंदरावरच्या कारकुनानं विचारलं, शांतव्वा म्हणजे काय? तू म्हणालास, "माझी आई. तिच्या दारात कुणाला जेवाय कमी पडलं न्हाय, म्हणून." तुझ्या अव्वानं मला शाळेच्या दिवसांत किती वेळा "बारो", ये रे, म्हणून ताटावर बसवलं त्याची गणती नाही. मराठ्याचं पोर म्हणून कधी वेगळी ताटली नाही.

दर जूनला शिडं, दोऱ्या, कप्प्या, इंजिन, सगळं टेम्पोत घालून आंबा घाटातून कोल्हापूरला. आषाढात लग्नं नसतात म्हणून मंगल कार्यालय रिकामं असायचं. तिथल्या फरशीवर आपण शिडं पसरायचो आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा तो म्हातारा मांडी घालून टाके घालायचा. पहिल्या वर्षी त्यानं विचारलं, "पावणं, एवढ्या मोठ्या ट्रकात भरता तरी काय?" तू म्हणालास, वारा. त्यानं सुई खाली ठेवली आणि मला विचारलं, हे बरे आहेत ना?

उद्यमनगरात मिळाला नाही असा एकही भाग आपल्याला लागला नाही. इंग्लंडात बनलेली बोट, आणि तिची निम्मी हाडं कोल्हापूरच्या लेथवरची. संध्याकाळी माझ्या शेडमध्ये भडंग आणि चहा. तू मोंबासा, पोर्ट सईद, सलालाह करत बसायचास आणि मी पितळेच्या कप्प्या चमकवत ऐकायचो. सोमा, त्या आठ पावसाळ्यांइतकं सुख मला लग्नानंतरही झालं नाही. बायको वाचेल तर वाचू दे.

सही पाठव. सत्तावीस तारखेला गोव्याहून सर्व्हेअर येतोय, बोट तपासायला. त्याचा रिपोर्ट विकणाऱ्यांनाही द्यावा लागतो, म्हणजे मला आणि तुला.

आकाराम


कोल्हापूर
२४ ऑक्टोबर

सोमा,

पाडव्याला शांभवीचा फोन आला. आधी वाटलं, तूच तिच्या फोनवरून बोलतोयस. मी नुसता "बोल की" म्हणालो. मग तिचा आवाज आला. "काका, अप्पांना मार्चमध्ये झटका आला. डाव्या बाजूला. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. नजर कमी झालीय, वाचता येत नाही."

मार्चमध्ये. आता ऑक्टोबर संपत आला. धारवाड काय लंडनला आहे का रे? तीन तासांचा रस्ता आणि मला सात महिन्यांनी कळतं. तुझा राग मी समजू शकतो, पण हे तू फार केलंस.

मी तिला विचारलं, समुद्रावर? ती म्हणाली, "काका, डॉक्टर कोल्हापूरलासुद्धा जाऊ नका म्हणतात."

मग ती म्हणाली की माझी दोन्ही पत्रं तिनं तुला वाचून दाखवली. दुसरं तू दोनदा वाचून घेतलंस, ताडपत्रीवाल्याच्या ठिकाणी हसलास, आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. सहीबद्दल मात्र काही बोलला नाहीस.

म्हणजे हे पत्रही शांभवीच वाचतेय. पोरी, बाप ऐकत नसेल तर थांब. ऐकत असेल तर पुढं वाच.

सोमा, सर्व्हेअर येण्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची होती. रिपोर्टमधून तुला कळू नये म्हणून. कालपासून चार वेळा कागद घेऊन बसलो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार आहे माझा, मला कळतं ते. पण तुझ्या पायाचं ऐकल्यावर हात पुढं सरकत नाही. दोन दिवसांपूर्वीपर्यंत मला वाटत होतं की मी तुझी सफर लांबवली. आता ती लांबलेली नाही. आता ती नाहीच.

शांभवीनं फराळ पाठवू नका सांगितलं, तुला साखर-तेल बंद आहे. चकल्या करून ठेवल्या होत्या घरात. दिवाळीला कोडोलीला आलेल्या ऋतुराजला त्या दिल्या.

आकाराम


कोल्हापूर
२८ ऑक्टोबर

सोमा,

सर्व्हेअर येऊन गेला. बारीकसा माणूस, हातात छोटा हातोडा आणि एक यंत्र. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत त्यानं तिचा इंच न् इंच वाजवून पाहिला. जेवायला बसला नाही. शेवटी खालची फळी उचलून कीलच्या बोल्टांपाशी गेला, आणि मी बाहेर येऊन उभा राहिलो.

शांभवी, तुला समजावं म्हणून सांगतो. शिडाची बोट वाऱ्यानं आडवी होऊ नये म्हणून तिच्या पोटाखाली अडीच टन बिडाचं वजन असतं, त्यालाच कील म्हणतात. ते दहा बोल्टांवर लटकलेलं असतं. ते बोल्ट गेले की वजन गेलं, आणि भर समुद्रात बोट पालथी. तुझ्या बापाला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे.

सर्व्हेअर वर आला आणि म्हणाला, "फोरमनसाहेब, दहापैकी नऊ बोल्ट मूळचे आहेत. उत्तम आहेत. एकच नंतर बदललाय. तो का बदलला?"

मी म्हणालो, आठवत नाही.

सोमा, ऐक. दोन हजार सतराचा डिसेंबर. तुझ्या घरच्या भिंतीवर लक्षद्वीपचा नकाशा लागला होता. परवाने आले होते. बारा जानेवारीला निघायचं ठरलं होतं. तू गुजरीत ज्याला त्याला सांगत होतास, आणि महादेवीवहिनी दशम्या किती दिवस टिकतात याची चौकशी करत होत्या. शेवटची तपासणी म्हणून मी एकटाच रत्नागिरीला गेलो आणि चौथ्या नंबरचा बोल्ट बाहेर काढला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. बत्तीस वर्षं समुद्रात राहून आटे असे की नुकतेच पाडलेत.

तो मी पिशवीत घालून कोल्हापूरला आणला. व्हाइसमध्ये धरला. हॅकसॉ ब्लेडनं दोन तृतीयांश कापला आणि उरलेला हातोड्यानं मोडला. कापल्याच्या खुणा कानशीनं काढल्या. मग तुकडे मीठ आणि लिंबाच्या पाण्यात घालून बरणी माळ्यावर ठेवली, आठ दिवस. बायकोनं विचारलं, कसलं लोणचं घातलंय? मी म्हटलं, तुला न्हाय आवडायचं.

चांगला गंज चढल्यावर ते तुकडे तुला दाखवले. सांगितलं, बाकीचे नऊही असेच असणार, सगळे बदलावे लागतील, वर्ष जाईल. तू पांढरा पडलास. माझे दोन्ही हात धरलेस. म्हणालास, "आक्या, तू नसतास तर म्या मेलो असतो की रं." मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक, चहा घेऊया, असं म्हणालो.

तू ते तुकडे रुमालात गुंडाळून घरी नेलेस. वहिनींनी देव्हाऱ्यात ठेवले, त्यांना विभूती लावली. तुझ्याकडे कोणीही आलं की तू त्यांना देव्हाऱ्यापाशी नेऊन दाखवायचास, ह्यानं माझा जीव वाचवला म्हणून. दोन वेळा मी तिथं हजर होतो. सोमा, छत्तीस वर्षं माझ्या शब्दावर बॉयलर पेटला. मी ठीक म्हटलं की ठीक. आणि मी ज्याच्याशी खोटं बोललो त्याच्या घरात माझं खोटं देवाशेजारी बसलं होतं.

नऊ बोल्टांना मी कधी हातही लावला नाही. एक उद्यमनगरात करून घेतला आणि बसवला. वर्षभर तुला सांगत राहिलो की काम चाललंय.

का केलं? भ्यालो होतो म्हणावं तर समुद्राला नाही. पुढच्या मे महिन्यात मी रिटायर होणार होतो. कारखान्याचा ऑफ-सीझन माझा संपणार होता. उरली होती शांतव्वा. मला दिसत होतं, एकदा ही बोट लक्षद्वीपला जाऊन आली की तुझा जीव त्या दर्यात अडकणार. तू पुढं जाणार, मालदीव, मस्कत, अजून कुठं. पावसाळ्यात माझ्या शेडमध्ये बसून पितळ घासायला तू येणार नव्हतास. तुला ती चालायला हवी होती. मला ती उघडून बसायला हवी होती, तुझ्याबरोबर. एवढंच कारण आहे. याच्यामागं दुसरं काही मोठं नाही. मोठं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या जानेवारीत तू पुन्हा तयार झालास आणि मी म्हणालो, नवे बोल्ट एक हंगाम बघूया. तेव्हा जेट्टीवर दहा माणसांसमोर तू ओरडलास, "तुला दर्या नगं आक्या! तुला उघडी मशीन पायजे, चालती न्हाय!" ते शब्द मी पावणेसात वर्षं मनात धरून बसलो. कारण ते खरे होते. तुला बोल्टचं माहीतही नव्हतं आणि तरी तू बरोबर जागी हात घातलास.

रिपोर्ट तुला आठवड्यात मिळेल. तो म्हणतो, बोट आजच्या आज खोल समुद्रात जाण्यास योग्य आहे. म्हणजे तेव्हाही होती.

माफ कर असं लिहायला धीर होत नाही. तुझे पाय चालते असते तर लिहिलं असतं.

आकाराम


कोल्हापूर
९ नोव्हेंबर

सोमा,

तुझं पाकीट आलं. हातात घेऊन मी अंगणात तासभर बसलो. बायको म्हणाली, "फोडा की, काय नोटीस हाय व्हय?"

फॉर्मवर सही आहे. वाकडी आहे, पण तुझीच आहे. सोबत शांभवीच्या अक्षरातला अर्धा कागद. तुझ्या तोंडचं जसंच्या तसं उतरवून घेतलं म्हणते. "आक्या, सही केलीय. अट एकच. ती कोचीला जाईल तवा तू तिच्यावर पायजेस. खलाशी म्हणून जायचं. पान्याला हात लावायचा न्हाय. सोमशेखर."

माफ केलंस की नाही, ते नाही. देव्हाऱ्यातल्या तुकड्यांचं काय केलंस, तेही नाही. शिव्या असत्या तरी मी त्या झेलल्या असत्या. तू फक्त जा म्हणालास.

मी ऋतुराजला फोन केला. म्हटलं, सदुसष्ट वर्षांचा म्हातारा, एक मनगट नुकतं जुळलेलं, पोहता येतं तेवढं रंकाळ्यात शिकलेलं, समुद्राचा अनुभव मालवणपर्यंत. चालेल का? तो म्हणाला, "काका, तुमी पाना घेऊन बसला तर मला टेन्शनच न्हाय." मी म्हटलं, पाना घ्यायचा नाही, मालकाचा हुकूम आहे. त्याला काही कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

बायकोनं दोन दिवस तोंड फुगवलं. काल गुपचूप स्वेटर काढून उन्हात टाकला.

जातो.

आकाराम


शांतव्वावर, समुद्रात
६ डिसेंबर

सोमा,

हे पत्र कोचीतून टाकीन. चार दिवसांपूर्वी रत्नागिरी सोडलं. पहिले दोन दिवस माझं बोलणं फक्त बादलीशी झालं. ऋतुराजची बायको आल्याचा तुकडा देत होती आणि मी तिला सांगत होतो की बाई, मला कारवारला उतरवा, एसटीनं जातो. तिनं ऐकलं नाही. काल सकाळी उठलो तर पोट शांत होतं आणि भूक लागली होती.

वर आलो. चारी बाजूंना जमीन नाही. तू सांगायचास तेव्हा मला वाटायचं, जमीन नाही म्हणजे काहीतरी कमी असणार. तसं नसतं रे. काहीच कमी नव्हतं.

पान्याला हात लावलेला नाही. परवापासून एक कप्पी करकर वाजत होती. दीड दिवस ऐकत बसलो. ऋतुराजनं शेवटी तेल घातलं तेव्हा मला घाम फुटला होता.

आज दुपारी वायव्येचा वारा चांगला भरला. ऋतुराज म्हणाला, "काका, धरा की जरा." सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतः समोर बसला. इंजिन बंद. दोन्ही शिडं भरलेली. दांडा हाताला थरथरायला लागला, बारीक, सारखा, खांद्यापर्यंत चढणारा. माझ्या धंद्यात थरथर म्हणजे बिघाड. मी ओरडलो, "ऋतुराज, बेअरिंग गेलं! थांबव!" त्यानं दांड्यावर बोटं ठेवली, क्षणभर बघितलं आणि हसला. म्हणाला, "काका, काय बिघडल्यालं न्हाय. ती चाललीया."

पंधरा वर्षं मी तिचा एकेक नट ओळखतो. मालवणला जाताना मी खाली इंजिनापाशी कान लावून बसलो होतो. ती चालते म्हणजे काय, हे मला आज दुपारी दोन वाजता कळलं. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू मला सांगतही होतास, मोंबासा-पोर्ट सईद करत. मी पितळ घासत होतो.

तासभर मी दांडा सोडला नाही. मग रडायला आलं. ऋतुराजनं बघितलं आणि बायकोला घेऊन खाली गेला, चांगल्या घरचा आहे. सोमा, मी ज्या जागी बसलो होतो ती तुझी जागा होती. मी ती तुला दिली नाही आणि आता तिथं मीच बसलोय. तू मला काय शिक्षा दिलीस हे तुला तिथं भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या कळलं होतं का? कळलंच असणार. तू तीस वर्षं दर्या बघितलेला माणूस.

सोमवारी कोचीला पोचू. तिथून मी कोल्हापूरला जाणार नाही. सरळ धारवाडला येतोय. तू घरात घेतलं नाहीस तरी चालेल, मी पायरीवर बसेन. रत्नागिरी सोडल्यापासूनचं सगळं सांगेन, रोजचा वारा, रोजची लाट, कुठं कोणता मासा उडाला, सगळं. घाई करणार नाही. तू आतून ऐक. आणि माझं कुठं चुकलं तर तिथूनच शिव्या घाल.

आकाराम